निशाणी कोणाची?
खानदेशांतील स्थानिक मतदानाच्या रीतीचा एक विचार

जुन्या कागदांचा ज्यांस परिचय आहे त्यांस महजराचा शेवट कसा असतो हें सांगावयास नको. मजकूर संपला कीं हजर असलेल्या गोताचीं नांवें एकाखालीं एक येतात, आणि ज्यांस लिहितां येत नसे त्यांच्या नांवापाशीं निशाणी काढलेली असते. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. अक्षर कुळकर्ण्याचें असलें तरी निशाणी ज्याची त्याची असे, आणि तिच्यावरून अमुक माणूस अमुक दिवशीं जातीनें हजर होता व त्यानें अमुक गोष्टीस मान्यता दिली हें दोनतीनशें वर्षांनंतर आपणांस निश्चयानें सांगतां येतें.

आज जळगांव अगर धुळें जिल्ह्यांतील एकाद्या गांवीं निवडणुकीच्या दिवसांत 'निशाणी कोणती?' असें कोणी विचारलें तर उत्तर निराळें येतें. छत्री, कपबशी, शिट्टी अशा वस्तूंचीं नांवें ऐकूं येतात. पण त्या निशाण्या मत देणाऱ्याच्या नसून मत मागणाऱ्याच्या असतात. शब्द एकच, परंतु त्याचा धनी बदलला. पूर्वीं निशाणी बोलणाऱ्याची होती, आतां ती ज्याच्यासाठीं बोलावयाचें त्याची झाली. हा पालट क्षुल्लक नाहीं. खानदेशांतील मनुष्य आपल्या गांवाच्या कारभारांत मत कोणत्या नात्यानें व कोणत्या रीतीनें देत आला, याचा सगळा इतिहास या एका शब्दाच्या प्रवासांत सांठलेला आहे, असें आम्हांस वाटतें. तो प्रवास थोडक्यांत मांडून, त्यांतून संग्राहकांवर येणारें एक कर्तव्य सुचवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१)

महजर हें आजच्या अर्थानें मतदान नव्हे, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. गोतसभेंत डोकीं मोजीत नसत. वतनाचा तंटा पडला, शिवेचा वाद उत्पन्न झाला, म्हणजे देशक, मोकदम, बलुते जमत, साक्षी होत, प्रसंगीं दिव्य होई; आणि शेवटीं जें ठरे तें सर्वांच्या मुखीं एक झालें असें मानून लिहिलें जाई. एकाचें मत दुसऱ्याहून भिन्न असल्यास त्याची वेगळी नोंद ठेवण्याची कल्पना त्या पद्धतींत नव्हती. कै. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत या सभांचा साधार विचार केलेला आहे.

तथापि दोन गोष्टी त्या पद्धतींत अशा होत्या कीं त्यांचें नातें आजच्या मतदानाशीं पोंचतें. पहिली, हजेरीची. सभेंत बसल्यावांचून निशाणी होत नसे. 'हाजीर मजालस' या शब्दांनींच कागदास वजन येई. दुसरी, अधिकाराची. बोलण्याचा हक्क वतनामुळें येई. बलुतेदार वतनदार म्हणून महाराची निशाणीही पाटलाच्या निशाणीबरोबर त्याच कागदावर येते, ही गोष्ट विसरतां कामा नये. परंतु जो उपरी, ज्याची गांवांत पिढीजात जागा नाहीं, तो त्या कागदावर सहसा दिसत नाहीं. आणि वतनदार घराण्यांतील एकादी बाई सोडली तर स्त्रियांचीं नांवेंही क्वचितच सांपडतात. म्हणजे गांव बोलत असे हें खरें. पण गांव म्हणजे वतनदारांचा गांव.

इ. स. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला व कॅप्टन ब्रिग्ज याची तेथें पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक झाली. एल्फिन्स्टन यानें आपल्या १८१९ च्या अहवालांत पंचायतीची उपयुक्तता मान्य केली होती व ती चालू ठेवावी असा त्याचा कल होता. परंतु १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर न्यायाचें काम उत्तरोत्तर अदालतींकडे गेलें, आणि निशाण्यांचा महजर हळूहळू दप्तरांत जाऊन बसला.

(२)

पुढें गांवाचा कारभार लोकांच्या हातीं थोडाबहुत परत आला तो वतनाच्या मार्गानें नव्हे, पट्टीच्या मार्गानें. १८५० च्या २६ व्या कायद्यानें शहरांस म्युनिसिपालिट्या स्थापन करण्याची मुभा मिळाली. धुळ्याची म्युनिसिपालिटी १८६२ ची व जळगांवची १८६४ ची. आरंभींच्या या संस्थांत सरकारी अधिकारी व सरकारनें नेमलेले गृहस्थ हेच कारभारी असत. नगरवासीयांकडे पट्टी देण्याचें काम होतें, माणूस निवडण्याचें नव्हतें. मुंबई शहराची गोष्ट थोडी निराळी. तेथें १८७२ च्या कायद्यान्वयें चौसष्ट सभासदांपैकीं बत्तीस सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. पण वर्षास निदान ५० रुपये कर देणारासच तो हक्क होता.

१८ मे १८८२ चा लॉर्ड रिपन यांचा ठराव सुप्रसिद्ध आहे. त्याला अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं दोन कायदे झाले, एक लोकल बोर्डांचा व दुसरा जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा. निवडणुकीचें तत्त्व खानदेशच्या शहरांस व तालुक्यांस लागूं झालें तें या दोन कायद्यांनीं. पण मत कोणाचें? ज्याचें नांव कराच्या पावतीवर आहे त्याचें. शिवाय पदवीधर, वकील अशा कांहीं विशेष योग्यतेच्या गृहस्थांचें. लोकल बोर्डांत इनामदारांस निराळी जागा होती. जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानीं प्रथम कलेक्टरच बसत असे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले व जळगांव आणि धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें ठरलीं. १९०१ चा जिल्हा म्युनिसिपल कायदा, १९२३ चा लोकल बोर्डांचा कायदा व १९२५ चा बरो म्युनिसिपालिट्यांचा कायदा यांनीं लोकनियुक्त सभासदांचें प्रमाण व मतदारांचें वर्तुळ वाढत गेलें. जळगांव, अंमळनेर या गिरण्यांच्या शहरांतील संस्था या शेवटच्या कायद्याखालीं 'बरो' म्हणून ओळखल्या जात.

वतनाची जागा पट्टीनें घेतली यांत एक गोष्ट साधली. उपरी म्हणून जो महजराबाहेर राहिला होता तो घर बांधून, दुकान घालून, कर भरून मतदार होऊं शकला. पेठेंतील व्यापारी, गिरणीचा अधिकारी, वकील यांस शहराच्या कारभारांत स्थान मिळालें. परंतु दुसरी गोष्ट बिघडली. महजरावर निशाणी करणारा गरीब बलुतेदार कर देत नसल्यानें यादीबाहेर गेला. गोतसभेंत त्याचें मत एकमुखी ठरावांत विरून जात होतें. करदात्यांच्या यादींत तर त्याच्या नांवासही जागा राहिली नाहीं.

(३)

आतां रीतीचा विचार. मत उघड द्यावें कीं गुप्त, हा प्रश्न आपल्याकडेच उत्पन्न झाला असें नाहीं. इंग्लंडमध्यें १८७२ पर्यंत पार्लमेंटचें मत उघड दिलें जाई. मतदारानें पुढें येऊन नांव सांगावें, उमेदवार सांगावा, व कारकुनानें तें लिहून घ्यावें. कोणी कोणास मत दिलें याचीं पुस्तकें छापून विकलीं जात, आणि तेथील संशोधकांस तीं आज मोठें धन वाटतात. शंभरदोनशें वर्षांपूर्वींच्या एकाद्या चांभारानें कोणास मत दिलें हें त्यांतून नांवनिशीवार कळतें. १८७२ च्या कायद्यानें ही रीत बंद झाली. त्या कायद्याखालची पहिली गुप्त निवडणूक पाँटेफ्रॅक्ट येथें १५ ऑगस्ट १८७२ रोजीं झाली. त्या वेळच्या पेटीवर लाखेचा शिक्का केला तो तेथील ज्येष्ठमधाच्या वड्यांवर उठविण्याच्या ठशानें, अशी नोंद आहे. ती पेटी अद्याप तेथील संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. यापूर्वींच, १८५६ सालीं, ऑस्ट्रेलियांतील वसाहतींनीं गुप्त मताची पद्धत घालून दिली होती.

उघड मताचे कैवारी असें म्हणत कीं, मत हा विश्वासाचा ठेवा आहे. जो तो वापरतो त्यानें शेजाऱ्यांस उत्तर देण्याची तयारी ठेवावी. महजराच्या परंपरेंत वाढलेल्या माणसास हा युक्तिवाद सहज पटण्यासारखा आहे. आम्हांसही जुने कागद वाचतांना कित्येक वेळां त्या निशाण्यांच्या धिटाईचा आदर वाटतो. परंतु खानदेशांतील खेडें डोळ्यांपुढें आणावें. आखाजीस साल ठरवून जो सालदार शेतकऱ्याच्या घरीं राहतो, त्याचें वर्षाचें धान्य, कपडालत्ता व आगाऊ घेतलेली उचल सगळें मालकाच्या हातीं असतें. त्यानें मालकादेखत उभें राहून मालकाच्या विरुद्ध बोट उचलावें अशी अपेक्षा करणें हें धैर्याचें नांव घेऊन त्यास घराबाहेर काढण्यासारखें आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल, सावकाराचा ऋणको, दुसऱ्याच्या मागावर बसणारा विणकर, आणि घरांतील कर्त्या पुरुषाच्या शब्दाबाहेर न जाणारी स्त्री, या सर्वांचें उघड मत हें बहुधा दुसऱ्याच्याच मताची नक्कल होय. ज्याच्यापाशीं वतन आहे त्याची उघड निशाणी भूषण ठरते. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्यास पडद्याची गरज असते. म्हणून मताचा हक्क वतनाकडून पट्टीकडे व पट्टीकडून केवळ वयाकडे जसजसा सरकला, तसतशी गुप्ततेची आवश्यकता वाढत गेली. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करतां येत नाहींत, हेंच आमच्या म्हणण्याचें सार आहे.

(४)

वयावर आधारलेला मताधिकार स्थानिक कारभारांत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो १९४८ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकींत. पुढें घटनेनें तो लोकसभा व विधानसभांस लागूं केला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं निरक्षर मतदारांची संख्या प्रचंड होती, व तेव्हां निशाणीचा उपयोग नव्या तऱ्हेनें करण्यांत आला. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याची निशाणी चिकटविलेली, आणि मतदारानें आपली मतपत्रिका कांहींएक खूण न करतां हव्या त्या पेटींत टाकावयाची. बैलजोडी, झाड, हत्ती, विळा व कणीस हीं चित्रें त्या वेळीं घरोघर पोंचलीं. महजरावर कुणब्यानें आपला नांगर स्वतः काढला होता. येथें बैलजोडी दुसऱ्यानें काढून ठेविली होती व त्यानें ती फक्त ओळखावयाची होती.

या पद्धतींत एक दोष होता. मतपत्रिकेवर कांहींच खूण नसल्यामुळें ती पेटींत न टाकतां बाहेर आणून दुसऱ्यास देतां येई. म्हणून १९६२ च्या निवडणुकीपर्यंत सर्व उमेदवारांचीं नांवें व निशाण्या एकाच मतपत्रिकेवर छापून तीवर शिक्का मारण्याची रीत आली. शिक्क्यांच्या अभ्यासकांस या ठशाची रचना लक्षांत घेण्याजोगी वाटेल. बाणांच्या टोंकांची ती फुली मुद्दाम एकाच दिशेनें वळलेली आहे. घडी घातल्यावर शाई समोरच्या बाजूस उमटली तर ती छाप उलटी दिसते, आणि खरी खूण कोणती व डाग कोणता हें मोजणारास तत्काळ कळतें. पेशवाईंतील पत्राच्या अखेरीस 'लेखनसीमा' चा शिक्का असे तो मजकुराखालीं कोणी भर घालूं नये म्हणून. येथें बाणफुलीचा शिक्का मताचा अर्थ कोणी बदलूं नये म्हणून आहे. दोहोंची चिंता एकच.

याच काळांत स्थानिक संस्थांचे नवे कायदे झाले. ग्रामपंचायतींचा १९५८ चा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा, व नगरपालिकांचा १९६५ चा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ सालीं अंमलांत आल्या. त्यांनीं स्त्रियांस एक तृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. १९९४ मध्यें राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. १९८९ सालीं मतदाराचें वय २१ वरून १८ वर आलें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा झाला, व २००३ सालीं जळगांव आणि धुळें या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या.

(५)

आज मत कसें देतात तें एकदां क्रमानें लिहून ठेवणें आम्ही अवश्य समजतों. कारण जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते ती कोणीच लिहून ठेवीत नाहीं, व शंभर वर्षांनीं तीच आधीं नाहींशी होते.

मतदारानें प्रथम आपलें नांव आपल्या प्रभागाच्या यादींत आहे कीं नाहीं हें पाहावें. ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच विभागून केलेली असते. मतदानाच्या दिवशीं नेमलेल्या केंद्रावर ओळखीच्या पुराव्यासह त्यानें जातीनें जावें. तेथें पहिला अधिकारी यादींतील क्रमांक व नांव मोठ्यानें वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींस हरकत असल्यास घेतां यावी. नंतर डाव्या हाताच्या तर्जनीवर न पुसणारी शाई लावतात, व नोंदवहींत सही अगर आंगठा घेतात. मग मतदार आडोशामागें यंत्रापाशीं जातो व निशाणीसमोरचें बटण दाबतो. महानगरपालिकेच्या प्रभागांत बहुधा चार जागा असतात. अशा ठिकाणीं प्रत्येक जागेसाठीं निराळें मत द्यावें लागतें, जागांवर अ, ब, क, ड अशीं अक्षरें असतात, आणि कोणीच पसंत नसल्यास 'वरीलपैकीं कोणीही नाहीं' हें बटण असतें. सर्व मतें पुरीं झालीं कीं यंत्राचा लांब आवाज होतो. ग्रामपंचायतींत सदस्यांच्या मताबरोबर सरपंचाचेंही मत थेट द्यावयाचें असतें. ही थेट निवड २०१७ सालीं सुरू झाली, २०२० सालीं रद्द झाली व २०२२ सालीं पुन्हां आली.

जुन्या महजराशीं ताडून पाहिलें असतां या विधीचें मर्म ध्यानांत येतें. महजरांत नांव, हजेरी व मत हीं तिन्हीं एकाच कागदावर असत. आतां त्या कागदाचे दोन तुकडे झाले आहेत. नांव, हजेरी व आंगठा नोंदवहींत राहतात. मत यंत्रांत जातें. आणि दोहोंस जोडणारा धागा मुद्दाम तोडून टाकलेला असतो. नांव मोठ्यानें उच्चारलें जातें तें माणूस खरा आहे हें ठरविण्यासाठीं. मत आडोशामागें जातें तें त्याच माणसास वाचविण्यासाठीं.

परंतु रीत कितीही निर्दोष असली तरी मताचा दिवस उगवला पाहिजे. जळगांव व धुळें या दोन्ही महानगरपालिकांच्या मुदती २०२३ सालीं संपल्या. आरक्षणाचा वाद ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून चालूच होता. त्याच निकालाच्या परिणामानें धुळें व नंदुरबार जिल्हा परिषदांच्या कांहीं जागांसाठीं ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हां मतदान घ्यावें लागलें होतें. महानगरपालिकांचा कारभार मात्र प्रशासकांकडे गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान झालें. मधल्या काळांत, २०२४ सालीं, याच मतदारांनीं दिल्लीसाठीं व मुंबईसाठीं प्रतिनिधी निवडले; आपल्या गल्लीसाठीं मात्र त्यांस दोन वर्षांहून अधिक काळ निवडतां आला नाहीं. यादींत नांव होतें, बोट होतें, पण शाई नव्हती. १८६२ च्या नियुक्त कारभाराची ज्यांस केवळ पुस्तकांतून माहिती होती त्यांस तिची छाया या काळांत प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

(६)

आतां संग्राहकांस विनंती. कै. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें त्यांचा अंत झाला. वाण्याच्या दुकानीं रद्दींत जाणारें दप्तर वाचविण्याचा धडा त्यांच्या पिढीनें आपणांस घालून दिला आहे. निवडणुकीचे कागदही आज त्याच वाटेनें जात आहेत. मतपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट होतात व त्या व्हाव्यात हेंच योग्य. यंत्रांतील मतही पुढच्या निवडणुकीपूर्वीं पुसलें जातें. जो भाग गुप्त आहे त्याचा लोभ संशोधकानें धरूं नये. परंतु जो भाग उघड आहे तो तरी आपण राखतों काय? प्रभागवार छापील यादी, मतदान केंद्रांच्या जाहिराती, उमेदवारांचीं निशाणीसह पत्रकें, निकालाचे तक्ते, ही सामग्री मतदान झालें कीं दुसऱ्या दिवशीं भज्यांच्या पुड्यांस जाते. यादींत नांव, वडिलांचें अगर पतीचें नांव, वय व घरक्रमांक एकत्र असतात. गांवाच्या वस्तीचा इतका सविस्तर लेख महजरांच्या काळीं कोणी केला नव्हता. ज्या भिल्ल वस्तीचें, ज्या सालदाराचें, ज्या विधवेचें नांव पूर्वींच्या कोणत्याही कागदावर आलें नाहीं, त्यांचें नांव प्रथम या यादींत आलें आहे. म्हणून प्रत्येक तालुक्यांतून निदान एक संच, कोठून व केव्हां मिळाला याच्या टिपणासह, एकाद्या संशोधनसंस्थेंत पोंचवावा. हयात मतदारांचीं नांवें व वयें त्यांत असल्यामुळें तो संच योग्य काळपर्यंत बंद ठेवणें हेंही त्या संस्थेचें काम राहील.

तसेंच १९५२ सालीं ज्यांनीं निशाणीच्या पेटींत मत टाकलें अशीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. त्यांपैकीं कोणी भेटल्यास त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावें. केंद्र कोठें होतें, तेथवर गाडीनें गेलां कीं पायीं, रांगेंत बायका निराळ्या होत्या काय, शाई कोणी लावली, पेट्या किती होत्या, हें सर्व विचारावें. एक प्रश्न मात्र विचारूं नये. मत कोणास दिलें, हें त्यांचें त्यांच्यापाशींच असूं द्यावें. महजराच्या काळीं तें विचारण्याचा अधिकार साऱ्या गोतास होता. तो अधिकार कोणासच नाहीं असें ठरावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं, व इतिहासकारानेंही त्याबाहेर जाऊं नये.